मनोऱ्यावरच्या घंटेचा लोलक

शाळेच्या घंटेचा लोलक चोरीला गेल्याची फिर्याद मी लिहून घेतली, तो दिवस आठवला की आजही हसू येतं. त्या सकाळी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं.

एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. मी बारामतीला फौजदार होतो. गावाबाहेरच्या हायस्कूलच्या आवारात एका बागाईतदाराच्या स्मरणार्थ घंटेचा मनोरा होता. लोक त्यांना आबा म्हणत. मनोरा त्यांच्या पत्नीने, काकींनी, बांधला होता. सणसरकडून येणाऱ्या गाड्यांना गाव जवळ आल्याचं तो मनोराच सांगायचा. त्या घंटेच्या आतला, ठोका देणारा लोखंडी लोलक कुणीतरी काढून नेला होता.

हेडमास्तरांनी संशयित हजरच केला. खादी घालणारा एक तरुण मास्तर. तपासणीला गोरा साहेब येणार होता आणि हा सर्वांदेखत बोलून गेला होता, "साहेबासाठी मी घंटा वाजवू देणार नाही." एवढं बोलणं त्या दिवसांत पुरेसं होतं. मी त्याला लॉकअपमध्ये बसवला. गुन्हा दाखल झाला असता तर नोकरी गेली असती, शिवाय तुरुंग. त्याची आई भाकरी बांधून ठाण्याच्या ओट्यावर बसली. हलेचना.

खबर दिली ती जवळच्या कन्हेरी गावच्या माळणीने. शाळेच्या बोर्डिंगला ती भाजी घालायची. म्हणाली, "मनोऱ्याच्या कोरीव दगडावर कुनी भंडारा वाहिलाय, साहेब. देव न्हाय तितं भंडारा कशापायी?"

आबांचं नाव कोरलेल्या त्या दगडावर खरंच हळद होती. शाळेला लागून आबांचं रान. खतासाठी तिथं धनगरांच्या मेंढ्या बसवल्या होत्या, आणि भंडारा वाहणार तो धनगरच. मी हवालदाराला घेऊन मेंढ्यांच्या वाड्यावर गेलो. एक म्हातारा कोकरू पुसत बसला होता.

"तात्या, घंटेचा लोलक कुणी काढला?"

"मीच की," तो म्हणाला. "हितं घोंगड्यात हाय."

माझ्या नोकरीत इतका झटपट कबुलीजबाब दुसऱ्या कुणी दिला नाही. "कुणाला विचारून काढला?"

"मालकाला."

"मालक कोण?"

त्याने मनोऱ्याकडे बोट केलं. "आबा. दगडावर दोन फुलं चिकटवून कौल लावला. उजवं पडलं, मंजी व्हय म्हनले. मेंढ्या व्यायला आल्यात, साहेब. घंटा वाजली की दचकत्यात, गाभ टाकत्यात. आदी दोन गेल्या. आमच्या मेंढ्या व्याताना आवाज नको म्हनून आबा सोता मोट बंद ठेवायचे. कोकरं झाली की लोलक परत टांगनार व्हतो."

मी त्याला मनोऱ्यापाशी आणलं आणि काकींना बोलावणं धाडलं. सगळं ऐकून काकी त्या दगडापुढं उभ्या राहिल्या. पदराने डोळे पुसले आणि मग मोकळेपणी हसल्या.

"हे गेल्यापासनं जो तो मलाच सांगतो, असं करा, तसं करा. त्यांना इचारनारा ह्यो पहिलाच. त्यांनी व्हय म्हनल्यावर मी न्हाय म्हननारी कोन? कोकरं होऊ द्या, मग लावा घंटा."

हेडमास्तर चाचरले, "पण साहेब येणार आहेत."

"येऊ द्या की. त्यांना कोकरं दाखवा."

मास्तर त्याच दुपारी सुटला. त्याच्या आईने ती भाकरी हवालदारासकट आम्हा सगळ्यांना वाटली. मला फार आनंद झाला, आणि तो मी लपवलाही नाही.

गुन्हा घडला की कुणाचा कुणावर राग होता, हे आम्ही पोलीस आधी हुडकतो. त्या दिवसापासून मी आधी विचारू लागलो, कुणाची कसली नड होती? पुष्कळ कुलपं त्याच किल्लीने उघडली.

अहवालात मी लिहिलं, "वस्तू मालकाच्या संमतीने नेली, सबब चोरी नाही." वरिष्ठांनी उलट टपाली मालकाचं नाव विचारलं. मी मनोऱ्यावर कोरलेलं नाव जसंच्या तसं लिहून पाठवलं.