न वाचलेले पंचनामे

पंचकाकांनी आयुष्यात शेकडो पंचनाम्यांवर सह्या केल्या आणि त्यातला एक सोडून एकही वाचला नाही. ते निरक्षर नव्हते. सातवीपर्यंत शिकले होते, टपरीवर येणारं वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचत, आणि कुणी मधलं पान पळवलं तर त्याला पुढचे चार दिवस पाणचट चहा पाजत. पण सरकारी कागद समोर आला की ते थेट तळाशी उतरत, मी बोट ठेवलेलं असे तिथे सही ठोकत आणि सहीखाली दोन टिंबं देत. एकदा एका नव्या साहेबाने त्यांना सुचवलं, "काका, वाचून तरी बघा." काका म्हणाले, "वाचून सही करतो तो पंच नाय साहेब, वकील!" साहेब हसले. मीही हसलो. हे वाक्य पुढे काकांना किती महागात पडणार आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

अंबरनाथ संपून उल्हासनगर सुरू होतं तिथल्या एका पुलाच्या टोकाला त्यांची चहाची टपरी होती. वर शिवमंदिरापाशी ज्या पाण्याला लोक नदी म्हणून हात जोडतात, तेच पाणी पुलापर्यंत येईतो नाला झालेलं असे. मधल्या पट्ट्यात कपडे रंगवण्याचे आणि धुण्याचे कारखाने होते. त्या हंगामात बाजारात कुठल्या रंगाची पँट चालते आहे हे पुलावरून खाली वाकून पाहिलं की कळायचं.

मी राज्याच्या एका खात्यात कारकून होतो. साहेबांबरोबर पाहणीला जायचं आणि पंचनामा लिहायचा, हे माझं काम. पंच म्हणून त्याच भागातली दोन स्वतंत्र आणि प्रतिष्ठित माणसं घ्यावीत, अशी अपेक्षा असते. त्या पुलावर या वर्णनाच्या जवळपास जाणारे दोघेच होते : काका आणि समोरचा पापडवाला. पापडवाला सिंधी आणि शहाणा. आमची जीप दिसली की तो आधीच हात जोडायचा, "अरे साईं, परसों ही तो सही किया! गिऱ्हाईक उभं आहे, आज छोड दो ना." काका मात्र हाक मारायच्या आत हात पुसून हजर. त्यांचं खरं नाव त्या सगळ्या पंचनाम्यांवर आहे. ते पंचनामे मीही पुन्हा कधी उघडले नाहीत, म्हणून इथे ते पंचकाकाच.

पुलावर येणाऱ्या पाहुण्यांना तोटा नव्हता. पाणी हा राज्याचा विषय, पर्यावरणाचा कायदा केंद्राचा, गटारं पालिकेची, आणि पालिकाही दोन, कारण एक काठ इकडचा आणि एक तिकडचा. त्यामुळे प्रत्येक जण येई, नाकाला रुमाल लावून खाली बघे आणि हे दुसऱ्याच्या अखत्यारीत आहे अशी नोंद करून जाई. केंद्राच्या कागदावर लिहिलेलं असे की अंमलबजावणी राज्याने करायची आहे. आमच्या कागदावर असे की सांडपाणी पालिकेच्या गटारातून येतं. पालिकेच्या कागदावर असे की कारखान्यांना परवानगी आम्ही दिलेली नाही. तिन्ही कागदांवर पंच म्हणून काकांची सही, दोन टिंबांसह.

एकदा दिल्लीहून आलेल्या एका साहेबांनी त्या पुलावर उभं राहून आम्हाला सहकारी संघराज्य म्हणजे काय ते समजावलं. रुमाल नाकावर असल्याने निम्मंच ऐकू आलं. ते गेल्यावर काकांनी मला विचारलं, "काय म्हनत होते?"

"म्हणजे सगळी सरकारं मिळून घर चालवतात, असं."

काका म्हणाले, "बरोबर. केंद्र सासरा, राज्य नवरा, पालिका सून. सासरा नियम सांगनार, नवरा मान डोलवनार. आता भांडी कोन घासनार ते बोला."

"भांडी मी घासते!" टपरीच्या मागून काकीचा आवाज आला. "तुमी सासरे-नवरे गप्पा मारा. आनि त्या दिल्लीवाल्याचा गलास तेवढा इकडे द्या."

काकीचा आवाज हे त्या पुलावरचं एकमेव कार्यक्षम खातं होतं. तो रिक्षांच्या हॉर्नवरून पलीकडच्या काठाला पोचे. उधारीवाले, रस्त्यात थुंकणारे, नाल्यात पिशव्या फेकणारे, सगळे त्याला वचकून होते. काकांच्या सहीवर तिचा विशेष राग होता. "लोक देवळात घंटा वाजवतात तशी हे सही करतात," ती म्हणे. "वाजवायची नि पुढे जायचं. देवाला काय कळतं ते देवालाच म्हाईत." काका हे अभिमानाने मला ऐकवत, जणू बायकोने त्यांची स्तुतीच केली होती.

एका दुपारी वरच्या एका कारखान्याने काहीतरी सोडलं. काय सोडलं हे शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही, म्हणून मीही "काहीतरी"च म्हणतो. नाल्यावर पिवळट वाफ धरली. काका दूध आणायला गेले होते. काकी टपरीच्या मागे, पाण्याच्या सर्वांत जवळ, ग्लास विसळत बसली होती. पापडवाल्याने तिला ओढत पुलावर आणलं. हॉस्पिटलातून ती महिन्याभराने परतली ती श्वास घेऊन, पण आवाज तिकडेच ठेवून. पुढे ती फक्त घोगरं कुजबुजायची, आणि पुलावरची रहदारी कुजबुज ऐकून थांबत नाही.

त्यानंतर काका पहिल्यांदाच आमच्या ऑफिसात आले. माझ्या टेबलासमोर उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "मला पैसा नको," ते म्हणाले. "कोनाला जेलात टाका असंपन नाय म्हनत. फक्त कोर्टात जज्जाने एकदा बोलावं, की पानी यांनी सोडलं. तिच्या समोर बोलावं. बस."

आमच्याकडे तेव्हा नव्या मॅडम आल्या होत्या. नोकरी नवी असल्यामुळे त्यांचा कायद्यावर विश्वास होता. त्यांनी ठरवलं, न सांगता जायचं आणि त्या कारखान्याच्या तोंडाशी नमुना घ्यायचा. योगायोग असा, की त्याच दिवशी सकाळी दिल्लीचं पथक येऊन गेलं होतं. पथक येणार हे कारखान्याला आमच्याआधी कळलेलं असल्याने सकाळी नाला आरशासारखा होता. पथक गेलं, कारखान्याने सुटकेचा श्वास आणि सांडपाणी दोन्ही सोडलं, आणि चार वाजता आम्ही पोचलो. पाणी गडद निळं होतं. मॅडमनी नमुन्याची बाटली स्वतःच भरली. इतक्या वर्षांत त्या नाल्यावर खरा पंचनामा होण्याची ती पहिली वेळ होती.

काका हात पुसत आलेच. मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे रोजचेच आहेत. शिवाय यांच्या घरचा प्रश्न आहे. दुसरं कुणी बघा."

मी म्हणालो, "मॅडम, दुसरं कुणी मिळेपर्यंत पाणी बदलेल." हे खरं होतं. उन्हात दारोदार फिरायचा मला कंटाळा आला होता, हेही खरं होतं.

काकांनी ते ऐकलं असावं. ते मॅडमसमोर जवळजवळ हात जोडून उभे राहिले. "बाई, या कागदावर माझीच सही पायजे. बाकी सगळे फुकट गेले, हा नाय जानार." मग सही करताना माझ्याकडे वळून सहज म्हणाले, "सकाळी दिल्लीवाल्यांनाबी दिली एक. एवढ्या लांबून आले होते."

मी म्हणालो, "बरं."

हा एक शब्द मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. मी मॅडमना तेव्हाच सांगितलं असतं तर कागद फाडून दुसरा पंच शोधता आला असता. पण साडेचार होत आले होते.

केस उभी राहिली तेव्हा काकांनी नवा शर्ट शिवला. काकी पहिल्या बाकावर बसली. कारखान्याचे वकील अतिशय नम्र होते. त्यांनी काकांपुढे एक जुना पंचनामा धरला. "ही सही आपली?"

"माझीच."

दुसरा. "ही?"

"माझीच साहेब. टिंबं बघा ना."

तिसरा, चौथा, दहावा. कागदांचा गठ्ठा संपेना आणि काकांचा चेहरा उजळत चालला. इतक्या वर्षांत त्यांच्या सह्या कुणी अशा एकत्र मांडून पाहिल्या नव्हत्या. त्यांना वाटलं, हा आपला सत्कार चालला आहे. बाकावरून काकी हाताने नको नको अशी खूण करत होती. पूर्वीची काकी असती तर तिच्या एका हाकेने कोर्ट तहकूब झालं असतं.

शेवटी वकिलांनी दोनच कागद पुढे ठेवले. "हा सकाळचा, केंद्राच्या पथकाचा. पाणी रंगहीन. हा त्याच दिवशीचा, राज्याच्या खात्याचा. पाणी गडद निळं. दोन्हींवर सही आपलीच?"

"माझीच. पन साहेब, सकाळी त्यांनी पानी बंद—"

"फक्त हो किंवा नाही."

"हो."

"सही करण्यापूर्वी दोन्ही वाचले होते?"

काका हसले. सगळ्यांना आवडणारं ते वाक्य त्यांच्याकडे तयारच होतं. "वाचून सही करतो तो पंच नाय साहेब, वकील!"

कोर्ट हसलं. न्यायाधीशही हसले, आणि त्यांनी ते वाक्य उतरवून घेतलं.

वकिलांनी मग इतकंच म्हटलं, की हा खात्याचा ठेवणीतला साक्षीदार आहे, त्यातून पीडितेचा नवरा आहे. आणि कायदा केंद्राचा असताना केंद्राच्या डोळ्यांना जे पाणी स्वच्छ दिसलं ते राज्याच्या डोळ्यांना निळं दिसलं, तर कुठले डोळे धरायचे हे कोर्टानेच ठरवावं. कोर्टाने कुठलेच धरले नाहीत. संशयाचा फायदा देऊन कारखाना सुटला. बाहेर पायऱ्यांवर काकी काकांना काहीतरी कुजबुजली. मी विचारल्यावर काकांनीच सांगितलं, "बोलते, तुमची सही म्हंजे सार्वजनिक नळ. कोनीबी सोडावा." या वेळी ते अभिमानाने सांगत नव्हते.

मॅडमची बदली झाली. आमच्या ऑफिसात सूचना आली की यापुढे तेच तेच पंच घेऊ नयेत. काकांना मी काही कळवलं नाही. जीप आली की ते सवयीने हात पुसत, आणि आम्ही पुलाच्या दुसऱ्या टोकाला थांबत असू.

काही वर्षांनी वरच्या कोर्टाने नदी वाचवण्याचा कडक आदेश दिला. नदीपात्रातली आणि काठावरची अतिक्रमणं हटवा, म्हणाले. काठावर बरंच काही उभं होतं, पण त्यातल्या बहुतेकांकडे वकील होते. काकांकडे टपरी होती. मग मी नोकरीत जे कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं : केंद्राचा माणूस, राज्याचा माणूस आणि दोन्ही पालिकांची माणसं एकाच दिवशी, एकाच वेळी, एकाच जागी हजर. अखत्यारीवरून कुणी एक शब्द काढला नाही. कायदा केंद्राचा, नोटीस राज्याची, जेसीबी पालिकेचा. अर्ध्या तासात जागा मोकळी झाली. साहेबांना चहाची तलफ आली, पण टपरी तर आताच पाडलेली. मग कारखान्यातून थर्मास आला.

माझं अक्षर चांगलं म्हणून पंचनामा मी लिहिला. पंच आमचा शिपाई आणि पापडवाला. पापडवाला त्या दिवशी नाही म्हणाला नाही, आणि सही करताना त्याने काकांकडे पाहिलंही नाही. छापील कागद नेहमीचाच, पाण्याच्या पाहणीचा. दुसरा आणायला कुणाला सुचलं नव्हतं. तळाशी मालकाच्या सहीसाठी मी जागा केली आणि सवयीने तिथे बोट ठेवलं.

काकांनी माझं बोट बाजूला केलं. खिशातून चष्मा काढला आणि वरून वाचायला सुरुवात केली, एकेक ओळ, बोट फिरवत, मोठ्याने, शेजारी उभ्या काकीला ऐकू जाईल असं. टपरी पत्र्याची, लांबी इतकी, रुंदी इतकी. स्टोव्ह एक. किटल्या दोन. बाकडं एक, मोडलेलं. ग्लास अकरा.

"दहा," ते थांबून म्हणाले. "एक आत्ता फुटला. तुमच्या मानसाचा पाय लागून."

मी दुरुस्ती केली. त्यांनी ती पुन्हा वाचली आणि मान हलवली. "आता बरोबर. अक्षर न अक्षर खरं हाय." मालकाच्या जागी त्यांनी सही केली. टिंबं दिली नाहीत.

काकीने त्यांच्या बाहीला धरलं आणि काहीतरी विचारलं. काकांनी ते मला मोठ्याने सांगितलं. "विचारते, रंग लिवलाय का?"

"कसला रंग?"

"पान्याचा."

तो रकाना कागदावर होता. काकांनी चष्मा सारखा केला आणि माझ्या सुवाच्य अक्षरातला मजकूर बायकोला वाचून दाखवला : "रंग, लागू नाही. वास, लागू नाही."

काकीने खाली पाहिलं. त्या दिवशीही पाणी निळंच होतं. नंतर ती दोघं बदलापूरला, बेलवलीत मुलीकडे राहायला गेली. काका तिथेच वारले, हे मला फार उशिरा कळलं. टपरी पाडली त्या दुपारी त्यांनी कागद घडी न पाडता माझ्या हातात दिला, आणि मी त्यावर शिक्का मारला.