रुपराव सोमकुवरांनी सूचना मागे घेतली नाही

गावात विजेचा एक खांब उभा राहिला की सरकारी दप्तरात ते गाव विद्युतीकरण झालेलं धरलं जाई. खांब गावात नेमका कुठं आहे, हे दप्तर विचारत नसे. रुपराव सोमकुवरांना ते विचारावं लागत नव्हतं, कारण खांबांचे खड्डे त्यांनीच खणले होते.

१९५७ पासून नऊ वर्षं ते एका ठेकेदाराच्या टोळीत होते. आधी मजूर, मग मुकादम. हाताखाली आठ माणसं, सामान म्हणजे सब्बल, फावडी आणि दोर. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतल्या दीडशेवर गावांत त्यांनी खांब रोवले. नकाशावरची रेघ सडकेवरून निघे, पाटलाच्या दारावरून ग्रामपंचायतीकडे वळे आणि देवळापाशी संपे. बौद्धांची वस्ती, म्हणजे बौद्धपुरा, तिथून दोनशे-अडीचशे पावलं पुढं असे.

सावनेर तालुक्यातलं बोरटेक हे त्यांचं स्वतःचं गाव. १९६६ मध्ये तिथं लाईन आली, तीही त्यांच्याच टोळीच्या हातानं. शेवटचा खड्डा मारुतीच्या देवळामागं होता आणि तिथून त्यांच्या मोठ्या भावाच्या घराचं कवेलूचं छप्पर दिसत होतं. रुपरावांनी कोणाला न विचारता त्या दिशेनं आणखी चार खड्डे खणून घेतले. दुसऱ्या दिवशी ओव्हरसियर आला. त्यानं नकाशा उघडून दाखवला आणि चारही खड्डे बुजवायला लावले. आठवडाभरानं रुपरावांनी ते काम सोडलं.

पुढच्या वर्षी ते विधानसभेला उभे राहिले. राखीव जागेवरून उभं राहायची सोय त्यांना नव्हती. छप्पन साली बौद्ध झालेल्या माणसाला त्या जागेचा हक्क उरला नव्हता, आणि अर्जावर हिंदू लिहायला ते तयार नव्हते. म्हणून खुल्या मतदारसंघातून, अपक्ष. तिथं एकाच घराण्यातले दोन पाटील एकमेकांविरुद्ध उभे होते. त्यांच्या भांडणात रुपराव चारशे बारा मतांनी निवडून आले. ‘आमदार झालो ते पाटलायच्या मेहरबानीनं,’ असं ते स्वतःच सांगत.

बोरटेकच्या बौद्धपुऱ्यात तेव्हा वीज ही दिव्यापेक्षा चक्कीची गोष्ट होती. गावातला चक्कीवाला बौद्धांचं दळण सगळ्यांच्या शेवटी घेई. सकाळी डोक्यावर डबा घेऊन गेलेली बाई दुपारी तीनला परत येई, तिची त्या दिवसाची मजुरी बुडे. रुपरावांच्या भावजय बायजाबाई, भाऊ वारल्यावर एकटीनं शेती करणाऱ्या, यांनी पुऱ्यातल्या बायकांना जमवून सावनेरहून एक जुनी चक्की आणि मोटर आणली. तिच्यासाठी मातीची खोली बांधली. मोटर फिरवायला तार हवी होती. तार देवळामागं थांबली होती. तीन वर्षं चक्की पोत्यांखाली झाकून होती आणि बायजाबाई दर आठवड्याला तिचा पट्टा काढून, पुसून परत चढवत होत्या.

१९६९ च्या डिसेंबरात अधिवेशन नागपुरात भरलं. ग्रामीण वीजपुरवठ्याच्या वाढीव खर्चाची पुरवणी मागणी आली आणि रुपरावांनी तिच्यावर शंभर रुपयांची कपात सूचना दिली. या शंभर रुपयांना पैसे म्हणून किंमत नसते. मागणी शंभर रुपयांनी कमी करा असं म्हणायचं आणि त्या निमित्तानं गाऱ्हाणं मांडायचं, अशी पद्धत आहे. तिचा दुसरा भाग असा की मंत्री उत्तर देतात, ‘सहानुभूतीनं विचार करू’ म्हणतात, आणि सदस्य सूचना मागे घेतो. मागे घेतली नाही तर मत घ्यावं लागतं, आणि सरकारच्या मागणीवर मत घेणं हा सरकारवरचा अविश्वास मानला जातो. म्हणून सगळेच मागे घेतात.

रुपरावांच्या सूचनेतलं वाक्य छोटं होतं: गावातल्या प्रत्येक वस्तीत खांब उभा राहीपर्यंत त्या गावाचं विद्युतीकरण झालं असं धरू नये.

शुक्रवारी मंत्र्यांनी त्यांना दालनात बोलावलं. आत आमदार गोपाळराव बसले होते. ते सत्ताधारी पक्षाचे, राखीव जागेवरून आलेले, रुपरावांचे शाळासोबती.

‘सोमकुवर, तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं,’ मंत्री म्हणाले. ‘पण तुमचं वाक्य मान्य केलं तर झालेली निम्मी गावं मला न झालेली म्हणून लिहावी लागतील. आकडा कसा दिसेल?’

‘आहे तसा दिसेल.’

मंत्री हसले. ‘असं करू. बोरटेकचे चार खांब जानेवारीत उभे करतो. आत्ता सही करतो. तुम्ही सोमवारी बोला, मनसोक्त बोला. आणि मागे घ्या.’

बाहेर व्हरांड्यात गोपाळरावांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला. ‘काहून अडून राहिला गा? मिळून राहिलं ते घे. मले तं चार खांबही कोणी देत नाही.’

‘तू मागितले कधी?’

‘मी मागितले असते तं तिकीट कटलं असतं. तुले तिकीटच नाही, तुह्यं काय कटते?’

सोमवारपर्यंत दोन दिवस होते. रविवारी सकाळच्या बसनं रुपराव बोरटेकला गेले. ठरवून गेले होते की खांब घ्यायचे. हे त्यांनी नंतर कधी लपवलं नाही. वहिनीला चक्की मिळेल, आणि बाकीच्या गावांसाठी पुढच्या अधिवेशनात परत भांडता येईल.

बायजाबाईंना हे ऐकून आनंद झाला, पण तो त्यांनी दाखवला नाही. ‘तीन वर्सं आमदारकी करून चार खांब आणले भाऊजींनी,’ त्या पुऱ्यातल्या बायकांना म्हणाल्या. ‘म्हणजे वर्साले सव्वा खांब.’

बायका चक्कीच्या खोलीसमोर जमल्या. रुपरावांनी त्यांना सगळं सांगितलं: सूचना काय, मागे घेणं म्हणजे काय, मंत्री काय म्हणाले. देवकी नावाची एक तरुण सून मागं उभी होती. तिचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती.

‘मामाजी,’ ती म्हणाली, पुऱ्यातल्या सुना सगळ्याच सासऱ्यांना म्हणत तसं, ‘हे खांब बोरटेकलेच का?’

‘हो.’

‘उमरडोहले नाही?’

‘उमरडोहचं काय आहे?’

‘माह्या मायचं गाव आहे. तिथंबी तार देवळालोकच हाय, पुऱ्यात नाही.’

कोणीतरी हसलं. मग दुसरी म्हणाली, तिच्या माहेरी तर तार शाळेच्या अलीकडेच थांबली. तिसरीच्या माहेरी खांब पुऱ्यात होता, पण तार नव्हती. त्याला बैल बांधत. हे सांगताना तिलाच हसू आलं. बोरटेकच्या बौद्धपुऱ्यात बोरटेकमध्ये जन्मलेली एकही बाई नव्हती. प्रत्येकजणी दुसऱ्या कुठल्या पुऱ्यातून लग्न होऊन आली होती. रुपरावांनी ज्या गावांत खांब रोवले होते त्यांतली कित्येक नावं त्यांना त्या दिवशी बायकांच्या तोंडून परत ऐकायला मिळाली. यातले खड्डे कोणी खणले, हे त्यांनी सांगितलं नाही.

‘सासरचा उजेड घेऊन माहेरी कोन्त्या तोंडानं जाऊ?’ देवकी म्हणाली. ‘माय म्हणन, तुह्या सासऱ्यानं आमचा अंधार इकून लाईट घेतली.’

‘तू गप वं,’ बायजाबाई म्हणाल्या. ‘दळणाचा डबा डोक्यावर घेऊन तू दोन वर्सं गेली. मी बावीस वर्सं गेली.’

‘तुमचं माहेर कुठचं, वहिनी?’ रुपरावांनी विचारलं. त्यांना ते माहीत होतं.

बायजाबाईंचं माहेर काटोलच्या पलीकडे होतं. तिथं गावात तार होती, पाटलाच्या विहिरीवर मोटर होती, आणि त्यांचा म्हातारा बाप चिमणीच्या उजेडात जेवत होता.

‘मंग नका घेऊ,’ त्या शेवटी म्हणाल्या. ‘पण चक्की मी इकणार नाही. सांगून ठेवते.’

रुपरावांनी वहीत सतरा बायकांच्या माहेरांची नावं लिहून घेतली. काही गावं दोनदा आली. एकूण चौदा झाली.

सोमवारी दुपारी त्यांनी सभागृहात भाषण केलं नाही. चौदा गावांची नावं वाचली आणि प्रत्येक नावापुढं शेवटचा खांब कुठं आहे तेवढं सांगितलं. देवळामागं. शाळेजवळ. पोलीस पाटलाच्या गोठ्यासमोर. मंत्र्यांनी उत्तर दिलं, सहानुभूतीचं वाक्य आलं, आणि अध्यक्षांनी कागदावरून नजर न काढता विचारलं, ‘सन्माननीय सदस्य आपली सूचना मागे घेत आहेत?’

‘नाही.’

अध्यक्षांनी मान वर केली. पुढच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, ‘अहो, तुमचं एकट्याचंच मत पडेल.’

‘पडू द्या. मी पोल मागतो.’

पोल म्हणजे मतविभागणी. घंटा वाजते, दारं बंद होतात, सदस्य रांगेरांगेनं उभे राहतात आणि कारकून नावं लिहून घेतात. आवाजी मतात कोण काय ओरडलं ते कळत नाही. पोलमध्ये कळतं, आणि छापलं जातं. रुपरावांना जिंकायचं नव्हतं, तेवढी माणसंच नव्हती. त्यांना ती यादी हवी होती.

घंटा वाजत असताना सत्ताधारी बाकांवरचे राखीव जागांचे दोन आमदार उठून चहाला गेले. पाच बसून राहिले. गोपाळराव त्यांच्यात होते. रांग आली तेव्हा पाचही उभे राहिले आणि त्यांनी सूचनेच्या विरुद्ध नावं दिली. गोपाळराव रुपरावांकडे पाहत नव्हते. सूचनेच्या बाजूनं एकवीस, विरुद्ध एकशे अठ्ठावीस.

रुपरावांनी छापील कार्यवाहीच्या प्रती मिळवल्या. त्या पाचांच्या मतदारसंघांतल्या पुऱ्यांत पोचवायला त्यांना माणसं शोधावी लागली नाहीत. संक्रांतीला माहेरी गेलेल्या बायकांनी त्या नेल्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी वाचून घेतल्या. गोपाळरावांच्या स्वतःच्या गावात त्यांच्या चुलतीनं त्यांना सगळ्यांसमोर विचारलं, ‘गोपाळ, तू उभा राहिला म्हणते सभेत. आमच्यासाठी राहिला, का आमच्यावर राहिला?’

मार्चमध्ये मुंबईच्या अधिवेशनातल्या अर्थसंकल्पात गावठाणाबाहेरच्या मागास वस्त्यांच्या वीजजोडणीसाठी वेगळी तरतूद आली. वस्तीत खांब नसेल तर गाव झालेलं धरणार नाही, हा नियमही आला, जवळजवळ रुपरावांच्याच शब्दांत. त्यासाठी आग्रह धरणाऱ्यांत पहिलं नाव गोपाळरावांचं होतं आणि बाकं वाजली तीही त्यांच्यासाठी. रुपराव उठले, त्यांनी तरतुदीला पाठिंबा दिला आणि विचारलं, ‘किती वर्षांत?’ मंत्री म्हणाले, आजचा दिवस आनंदाचा आहे, आज तरी भांडू नका. रुपराव म्हणाले, ‘आनंद आहे. किती वर्षांत?’ उत्तर मिळालं नाही, म्हणून त्यांनी तोच प्रश्न पुढच्या दोन अधिवेशनांत लेखी विचारला. तिसऱ्या वेळी ‘पाच’ असं उत्तर आलं.

तालुक्यातल्या गावांची यादी तयार झाली तेव्हा बोरटेक तिच्यात शेवटून दुसरं होतं. हे कसं झालं ते कोणी सांगितलं नाही, आणि रुपरावांनीही ते विचारायला कोणाच्या दालनात जायचं नाकारलं. बहात्तरच्या निवडणुकीत दोन्ही पाटील एक झाले. रुपराव नऊ हजारांनी पडले. महिन्याभरात ते दुसऱ्या एका ठेकेदाराकडे मुकादम म्हणून लागले. माजी आमदारानं खड्डे खणून घ्यावेत हे ठेकेदाराला अवघड वाटे. रुपराव त्याला म्हणत, ‘तुम्ही नकाशा द्या, लाजायचं काम मी पाहतो.’ नकाशावरची रेघ आता पुऱ्यात जात होती. कुठं ती देवळापाशी थांबलेली दिसली, तर ते सामान खाली उतरवू देत नसत.

बोरटेकच्या पुऱ्यात वीज आली ती १९७४ च्या फेब्रुवारीत. उद्घाटनाला गोपाळराव आले. ते आता उपमंत्री होते. खांबाला तोरण बांधलं होतं, माईक होता. गोपाळरावांनी बटण दाबलं, दिवा लागला, टाळ्या झाल्या. ते बोलायला उभे राहिले आणि त्याच वेळी पन्नास पावलांवर बायजाबाईंनी चक्की सुरू केली. जुनी चक्की होती, माईकचा आवाज तिच्यापुढं टिकला नाही. एक शिपाई पळत गेला आणि परत आला. ‘दळण अर्ध्यात सोडता येत नाही म्हणतात,’ त्यानं सांगितलं.

गोपाळरावांनी मागं वळून पाहिलं. रुपराव बाजेवर बसले होते. ‘सांग ना गा तुह्या वहिनीले. पाच मिनिटं.’

‘मी आमदार होतो तवा तिनं माह्यं ऐकलं नाही,’ रुपराव म्हणाले. ‘आता कशी ऐकन?’

भाषण चार मिनिटांत संपलं. गोपाळराव जीपकडे निघाले तर दाराशी देवकी उभी होती, कडेवर पोर. चौदा गावांपैकी सहा, दुसऱ्या तालुक्यांच्या याद्यांतली, अजून अंधारात होती आणि उमरडोह त्यांत होतं.

‘माह्या मायच्या गावचा खांब कधी, साहेब?’

‘होईल ना बाई. या वर्षात होईल.’

‘महिना सांगा.’

ड्रायव्हरनं जीप चालू केली. देवकीनं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं आणि मोकळा झालेला हात जीपच्या दारावर ठेवला. गोपाळरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग रुपरावांकडे. रुपराव बाजेवरून उठले नव्हते. गोपाळरावांनी खिशातून पेन काढलं आणि पीएकडे कागद मागितला.

‘ऑगस्ट लिहा,’ देवकी म्हणाली. ‘अन् खाली सही करा.’