चिंतामणीचा नारळ कुठं फुटला

देवाचा नारळ कुठं फोडावा, एवढी साधी अक्कल मला लग्नानंतरही कितीतरी वर्षं नव्हती. आता नातसुना मला विचारून पूजा मांडतात, तेव्हा मी गंभीर तोंड करते आणि मनात हसते. ज्या बाईनं परमुलखात, भर दिवसा, दुसऱ्याच्या मालकीच्या मोटारीवर नारळ हाणला, तिला या विचारतात. पण त्या मूर्खपणाच्या आतच माझा चिंतामणी बसला होता, म्हणून हे लिहायला घेतलं.

आमचा तांडा कळंब आणि पांढरकवड्याच्या मधला. आमचे पूर्वज बैलांवर धान्य, मीठ लादून मुलूखभर हिंडलेले. माझ्या सासऱ्यांपर्यंत येता येता त्यातली एक बैलगाडी तेवढी उरली होती. तिच्यावर गावोगावचा कापूस आणि किराणा वाहून घर चालायचं. आमचे हे राजूरच्या कोळसा खाणीवर ट्रक चालवून आले आणि येताना मोटारीचं वेड घेऊन आले. त्यांचं उतरलं, मला चढलं. सासऱ्यांशी समोर बोलायची रीत नव्हती, म्हणून मी घुंगट ओढून सासूच्या आडून बोलायची. पण इतकी बोलायची, की माझं म्हणणं पोचवता पोचवता त्या बिचारीचा घसा बसायचा. शेवटी सासऱ्यांनी बैलजोडी विकली. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा तेवढ्या काढून घेतल्या आणि खुंटीला टांगल्या. त्या माळा पाहिल्या आणि मी दिवस मोजायला लागले. कापसाचा हंगाम तोंडावर. मोटार मिळाली नाही तर दाराशी बैलही नाहीत आणि मोटारही नाही, आणि हे सगळं माझ्या जिभेपायी.

निघण्याआधी कळंबला गेले. पायऱ्या उतरून जमिनीखालच्या देवळात चिंतामणी गणपतीपुढं हात जोडले आणि म्हटलं, गाडी मिळू दे, पहिल्यांदा तुझ्याच दारी आणीन. त्याच्यापुढचा एक नारळ पदरात घेतला. वर चढता चढता परत फिरून हेही सांगून आले, की रंग निळा असला तर बरं. देवाला रंग सांगणारी मीच!

जुन्या मोटारी निजामाबादेत मिळतात असं खाणीवरच्या कुणी यांना सांगितलं होतं. पैनगंगा ओलांडली तशी भाषा बदलली, गोदावरी ओलांडली तसा माझा धीर सुटला. एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात हिंडलो. कुठं इंजिन होतं तर चाकं नव्हती, कुठं चाकं होती तर मालक सापडत नव्हता. धर्मशाळेच्या ओट्यावर बसून मनात यायचं, चिंतामणी आपल्या कळंबचा. इथं त्याला कोण ओळखणार? त्याची हद्द मागंच राहिली. श्रद्धा केवढी, तर हद्दीपुरती.

आणि मग ती निळी व्हॅन दिसली. आरशासारखी चकचकीत. हे म्हणाले, जरा खालून-वरून पाहू दे. मी म्हटलं, पाहायचं काय, देवानं रंगासकट दिली. ते मालकाबरोबर पैसे द्यायला आत गेले आणि मला तेवढाही दम निघेना. आमच्यात नवी बैलगाडी आली की चाकाच्या लोखंडी धावेवर नारळ फोडायचे. या चाकाला धाव कुठली? सगळं रबर. रबरावर नारळ फुटतो का? मग लोखंड कुठं ते शोधलं. पुढच्या चाकावरचा तो निळा, गुबगुबीत पत्र्याचा पंख दिसला. चिंतामणीचं नाव घेतलं आणि सगळा जोर लावून हाणला.

नारळ फुटला नाही, गाडी फुटली. माझा हात मनगटापर्यंत आत गेला. नारळ खालच्या फरशीवर पडून तिथं फुटला आणि त्याची एक कवड घरंगळत फाटकाबाहेर गेली. मालक धावत आला, तेलुगूत काय काय बोलला ते कळलं नाही हे बरंच झालं. हे पांढरेफटक पडले. मग वाकून त्यांनी भोकात पाहिलं. पत्रा गंजून केव्हाच गेलेला. आत पुठ्ठा, वर रंगाऱ्याच्या लांबीचा लेप आणि त्यावर तो माझा लाडका निळा रंग. त्यांनी दुसरीकडे बोट दाबलं, तिथंही तेच. मालकाचा आवाज खाली आला. पैसे यांच्या कमरेलाच होते. आम्ही बाहेर पडलो.

वाचलो होतो, पण मला रडू फुटलं. गाडी नाही, नारळही गेला. निदान प्रसाद रस्त्यात तुडवला जाऊ नये म्हणून ती कवड शोधत उतारावरून गेले. पुढं एका घराच्या ओट्यावर एक म्हातारी सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत होती आणि कवड थेट तिच्या पायाशी थांबलेली. मी हात पुढं केला, तर तिनं ती कपाळाला लावली, माझ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, "बेटी, नारियल खुद चलके मेरे घर को आया. तू कायकू रोती?"

मी सगळं सांगितलं. ती उठली आणि आम्हाला परसात घेऊन गेली. तिथं चिंचेखाली एक व्हॅन उभी होती. राखाडी, पोचे पडलेली, आत कोंबड्यांचा संसार. तिचा नवरा ती गाडी चालवून बिड्यांचा माल वाहायचा. तो गेल्यापासून गिऱ्हाईकं यायची, पण सगळ्यांना ती मोडून सुटे भाग विकायचे होते, म्हणून तिनं कुणालाच दिली नव्हती. यांनी कोंबड्या हाकलल्या, पत्रा ठोकून पाहिला; घणघणीत वाजला. तेल-पाणी करून हँडल मारलं. खोकली, धूर सोडला, आणि सुरू झाली. म्हातारीनं तोंडाला पदर लावला. भावात मात्र ती तसूभर हटली नाही, आणि कोंबड्याही ठेवून घेतल्या.

तांड्यावर पोचलो तेव्हा लोक आधी पळाले, मग धावत आले. सासऱ्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, घरात गेले आणि त्या घुंगरमाळा आणून पुढं बांधल्या. नवसाप्रमाणं तसंच कळंबला निघालो. आत सासू, नणंदा, अर्धा तांडा. गाणी म्हणत, घुंगरं वाजवत, आणि यांच्या तोंडून माझा निजामाबादचा पराक्रम ऐकत. एवढी मोठी वरात माझ्या लग्नालाही नव्हती.

मी मागितली निळी, त्यानं दिली राखाडी. मी माझ्या अकलेनं चालले असते तर पुठ्ठा घेऊन घरी आले असते. तेव्हापासून मागते, पण रंग सांगत नाही. आणि त्याची हद्द कुठवर, हेही पुन्हा कधी मनात आणलं नाही.

देवळाशी उतरले तेव्हा मी शहाणी झाले होते. नवा नारळ घेऊन पायरीजवळच्या दगडाशी गेले आणि हळूच, सुनेनं फोडावा तसा, हात उचलला. तेवढ्यात इतक्या वर्षांत माझ्याशी एक शब्द न बोललेले सासरे, सगळ्या कळंबला ऐकू जाईल असं, आमची तांड्याची बोली सोडून मुद्दाम वऱ्हाडीत म्हणाले:

"सूनबाई, दगडावर तं सारेच फोडतेत. तू आपली गाडीवरच फोडत जाय."