फोनला न दिसणारा रंग

दत्तूला आठ हजारांचा फोन मी विकला, त्यामुळे पुढे जे झालं त्यात माझाही हात आहे. येवल्याच्या एसटी स्टँडजवळ माझं मोबाइलचं दुकान. दत्तू माझा शाळेतला सोबती. शेजारच्या गावात राहतो आणि घरच्याच मागावर पैठणी विणतो. कांद्याची शेती भाऊ बघतो. हा लग्नानंतर मागावर बसला तो उठलाच नाही.

त्याची खासियत धूपछावची. उभा धागा हिरवा, आडवा जांभळा. ती साडी नेसून बाई समोरून आली तर हिरवी दिसते, वळली की जांभळी. तशा साड्या बरेच जण विणतात, पण दत्तूच्या साडीत वळता वळता एक क्षण दोन्ही रंग एकदम उजळतात. कसं जमतं विचारलं तर म्हणायचा, "धागा किती ओढायचा ते हाताला कळतंय. मला नाय सांगता येत." दिवसभर लोकांच्या फुटक्या स्क्रीन बदलणाऱ्या मला त्याचा हेवा वाटायचा.

त्याचा माल घेणारा व्यापारी वारला, मुलाने धंदा बदलला. तेव्हा दत्तू दुकानात आला. "दिनेश, फोटो चांगला येणारा आन् स्वस्तातला फोन दे." या दोन गोष्टी एकत्र मिळत नाहीत हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. त्याला नाही सांगितलं. विकायचा होता ना!

फोनने त्याला बरंच पळवलं. आठवडाभरात मेमरी भरली, कारण नातेवाइकांच्या शुभ सकाळी पुसायच्या असतात हे त्याला ठाऊक नव्हतं. फोन तापला की सगुणाबाई, त्याची बायको, तो गार व्हायला माठावर ठेवायची. पण साड्यांचे फोटो जाऊ लागले आणि नाशिकच्या प्रतिभाताईंनी एक साडी पसंत केली, मुलीच्या साखरपुड्यासाठी. दत्तूने मला पेढे दिले.

साडी पोचली त्याच दिवशी ताईंचा फोन. "दादा, ही ती साडी नाही."

साडी तीच होती. फोटोत मात्र ती नुसती निळी दिसत होती. फोनने दोन्ही रंग कालवून तिसराच काढला होता, आणि दत्तूच्या ते लक्षातच आलं नव्हतं. त्याला साडी पाठ होती. फोटोतही त्याला स्वतःचेच रंग दिसत होते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने तो नाशिकला गेला. ताई भल्या होत्या, आधी चहा दिला. दत्तूने गॅलरीतल्या उन्हात साडी उलगडली, वळवून दाखवली. ताई बराच वेळ बघत राहिल्या. "सुंदर आहे हो," त्या म्हणाल्या. "पण आम्ही सगळं निळ्यावर ठरवलंय. जावयांचा कुर्तासुद्धा निळा शिवायला टाकलाय. मला ही हवी." त्यांचं बोट फोनवर होतं.

"ताई, अशी साडीच नाय."

"मग विणा ना. दोन महिने आहेत अजून."

घरी न जाता तो थेट माझ्या दुकानात आला. पिशवी काउंटरवर आपटली. "तुझा फोन खोटं बोलतोय." मी सेटिंग बदलून पाहिली, कॅमेऱ्याची काच पुसली, शेवटी कपाटातला सगळ्यात महाग फोन काढला आणि दारातल्या उन्हात साडीचा फोटो घेतला. काय सांगू, दोन्ही रंग जसेच्या तसे! दत्तू लहान पोरासारखा हसला. मीही फुशारकीने तो फोटो त्याच्या फोनवर पाठवला. त्याने उघडला. तिथे पुन्हा तोच निळा.

त्याने दोन्ही फोन शेजारी शेजारी धरून पाहिले. मग म्हणाला, "ताईंचा फोन कंचा असंल?"

"असलाच असेल. बहुतेकांकडे असलाच असतो, दत्तू."

त्याने साडीची घडी घातली आणि गेला.

रंगाऱ्याला फोन दाखवून त्याने तो निळा रंग करून घेतला. उभाही निळा, आडवाही निळा. साडी नाशिकला गेली. ताईंचा निरोप आला, 'अगदी फोटोसारखी!' त्यावरून आणखी मागण्या आल्या. ती धूपछाव येवल्यात खरेदीला आलेल्या एका बाईंनी हातात घेतली आणि खाली ठेवलीच नाही. पण इथवर येऊन बघणारे किती? पुढे दत्तूने शिस्तच लावून घेतली. रंगाऱ्याकडून धागा आणला की आधी त्याचा फोटो काढायचा. जो रंग फोनला नीट दिसत नाही तो परत.

संसार सुधारला, ते नाकारत नाही. पण रिचार्जला आलेली सगुणाबाई एकदा म्हणाली, "भाऊजी, आधी बोटभर कापड झालं की मला चुलीपासनं हाक मारायचे, बघ म्हणून. आता दोन वर्सं झाली, हाक नाय." त्या दिवशी मला माझ्या दुकानाचीच चीड आली.

यंदा माझ्या मुलीचं, तेजस्विनीचं, लग्न ठरलं. मी दत्तूकडे गेलो. "धूपछाव हवी. तुझी."

"फोनला दिसत नाय ती."

"खड्ड्यात गेला फोन. विणतोस की नाही?"

महिन्याभराने त्याचा निरोप आला, बघून जा. गेलो तर मागावर वीतभर कापड झालेलं. सगुणाबाई आधीच तिथे उभी होती. दत्तूने मला दोन्ही खांद्यांना धरून मागाच्या या बाजूकडून त्या बाजूला सरकवलं. हिरवं कापड जांभळं झालं, आणि मध्येच, एक क्षण, दोन्ही. माझे डोळे भरून आले.

"तेजूला पाठवतो," म्हणालो आणि खिशातून फोन काढला.

दत्तूने खांद्यावरचं उपरणं ओढून कापडावर टाकलं.

"पोरीला हितं घेऊन ये," तो म्हणाला.