बेकारांची हजेरी

ताझा गावच्या बतूलने राजधानी रबातला येऊन रसायनशास्त्राची मोठी पदवी घेतली आणि तेव्हापासून ती रोज बेकारीवर जाते. हसू नका, तीही नोकरीच आहे, फक्त पगार नाही. सकाळी पिवळं जाकीट चढवून संसदेसमोरच्या ताडांखाली उभं राहायचं, घसा बसेपर्यंत सरकारी नोकरी मागायची, पोलीस धावून आले की पळायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. पदवीधर बेकारांच्या संघटनेत हजेरी लागते. सरकारने भरती काढलीच, तर जास्त हजेरीवाल्यांची नावं आधी पुढे जाणार. त्यामुळे तापातसुद्धा कुणी घरी बसत नाही. आणि एक नियम फार कडक: पैशाचं काम करायचं नाही. कमावतो तो बेकार कसला?

पण पोटाला हे कोण सांगणार? बतूलच्या खोलीत राहणारी आणि संघटनेतलीच सादिया, इतिहासाची पदवीधर, नदीपलीकडे सलेमध्ये एका गाडीवर संध्याकाळी म्समेन भाजायची. त्या घडीच्या रोट्यांच्या कामावर तिनेच बतूललाही लावून दिलं. एक दिवस ही, एक दिवस ती. तव्याच्या कडेने दोघींची मनगटं पोळली, म्हणून दोघी भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालत. आई फोनवर विचारायची, लागली का गं कुठे? बतूल म्हणायची, लागेल.

मग सादिया सापडली. कुणीतरी तिला तव्यापाशी पाहून म्होरक्या इदरला सांगितलं. इदर माणूस वाईट नव्हता, लाठ्या खाऊन खाऊन तुसडा झाला होता. त्याने संसदेसमोरच्या पायऱ्यांवर सगळ्यांना गोळा केलं आणि सादियाला विचारलं, "एकटीच आहेस, की आणखी कुणी आहे?"

"एकटीच," सादिया म्हणाली. बतूलकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

हिला काढावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा, असं इदर म्हणाला. भराभर हात वर गेले. आपलाच खाली राहिला तर सगळे आपल्याकडे वळतील, तीन वर्षांची हजेरी पाण्यात जाईल, ही भीती बतूलला वाटली. तिने बाहीचं टोक मुठीत घट्ट धरलं आणि हात वर केला. बतूलला माफ करावंसं वाटतं, पण गोष्ट सांगताना मला ते जमत नाही.

सादियाने जाकीट काढून पायरीवर ठेवलं आणि निघून गेली. त्या दिवशी ती खोलीवरही आली नाही.

दुसऱ्या संध्याकाळी पाळी बतूलची होती. माफी कशी मागावी हे घोळवत ती सलेला पोचली, तर तव्यामागे सादियाच उभी. बतूल बाजूने आत शिरायला गेली.

"अहो ताई, रांगेतून या," सादिया मोठ्याने म्हणाली. "सगळ्यांनाच घाई आहे."

रोज सकाळी "ए म्हशे, ऊठ" म्हणून पांघरूण ओढणारी मैत्रीण आता ताई म्हणत होती. बतूलचा चेहरा पडला. ती निमूट रांगेत उभी राहिली.

"किती देऊ?" सादियाने विचारलं.

"सादिया, माझं चुकलं गं."

"दोन? बरं." रोट्या कागदात गुंडाळायला सादिया खाली वाकली आणि पुटपुटली, "मागे बघू नकोस. समोर चहाच्या टपरीवर इदर बसलाय, दुसरी कोण येते ते बघायला. पैसे दे आणि गिऱ्हाइकासारखी नीघ."

बतूलने पैसे दिले आणि वळली. टपरीवरून इदरने ओळखीचं हसून हात केला. तिनेही हात वर केला, बाही मुठीत धरून.