काचेतली मामी

पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाने प्रवासाचा संकल्प सोडावा तो हिमशिखरांसाठी. अस्मादिकांनी सोडला एका काचेसाठी. बेंगळुरूहून अक्काचा, म्हणजे माझ्या मामेबहिणीचा, फोन आला. "घर विकतोय रे. त्याआधी आईची काच कुणाला तरी दाखवायला हवी."

मामांचा मल्लेश्वरममध्ये फोटो स्टुडिओ होता. मामी अक्काच्या शैशवातच निवर्तल्या. मागे उरली त्यांची एकमेव छबी, काचेवरची निगेटिव्ह. तिचा कागदावर फोटो काढण्याचे धैर्य मामांना अखेरपर्यंत झाले नाही.

कोल्हापूरहून रात्रभराची बस सकाळी पोचवते. कटिप्रदेश मागाहून पोचतो. मल्लेश्वरमात प्रथम लोणी डोसा ग्रहण करावा, मग आप्तांस दर्शन द्यावे.

अक्काने पेटीतून काच काढली. निगेटिव्हच्या उफराट्या न्यायाने मामींचे मुख कृष्णवर्ण, केस शुभ्र. आणि कपाळावर कुंकवाचा थर.

"आयुधपूजेला कॅमेऱ्याला लावायची, तसंच आईलाही," सत्तरीची अक्का म्हणाली.

जुनी छायाचित्रे जतन करणाऱ्या एक धारवाडकर बाई जयनगरला असतात. तिकडे मेट्रो थेट जाते, स्वस्तही पडते. सुज्ञांनी तीच घ्यावी. आम्ही रिक्षा केली, कारण गर्दीत काचेला धक्का लागला तर?

"स्वल्प हळू, अण्णा! मांडीवर आई आहे," अक्काने रिक्षावाल्याला बजावले. त्याने आरशातून टॉवेलचे गाठोडे न्याहाळले आणि उर्वरित मार्ग वरातीच्या गतीने आक्रमिला.

बाईंनी काच उजेडाशी धरली. "कुंकू चित्राच्याच बाजूला लागलंय. खरवडलं तर कपाळाचा पापुद्रा निघेल."

"म्हणजे मीच आईला..." अक्काने पदराचे टोक काचेकडे नेले.

"हात नको लावायला. आहे तशी स्कॅन करू."

पडद्यावर काळ्याचे पांढरे झाले, पांढऱ्याचे काळे. दाट काळ्या केसांची, हसू दाबणारी एक मुलगी आमच्याकडे पाहत होती. कुंकवाच्या जागी शुभ्र ठिपका.

"अगंबाई," अक्का पुटपुटली, "ही तर पोर आहे! निगेटिव्हमध्ये उलटं दिसतं हे ठाऊक होतं गं मला. तरी आई म्हटलं की पांढरे केसच यायचे डोळ्यांपुढे."

"प्रतीवरचा ठिपका घालवू?"

"नको. माझं बोट आहे ते. राहू दे."

वाचकहो, आपल्या माळ्यावर अशा काचा असल्यास पुसू नका, धुऊ नका, पुजू तर नकाच. आम्लरहित कागदात गुंडाळून कोरड्या जागी उभ्या ठेवाव्यात, असे बाईंचे सांगणे.

प्रत आता कोल्हापुरी माझ्या मेजावर आहे. ज्यांना आजन्म आदरार्थी बहुवचन वाहिले त्या मामी माझ्या कन्येच्या वयाच्या निघाल्या. बहुवचन चालू ठेवले आहे, अवघड जाते.

काल बेळ्ळंदूरच्या नव्या फ्लॅटमधून अक्काचा फोन आला.

"सरी, ठीक आहे सगळं. औंदा कुंकू पेटीला लावलं. पोरीला कपाटात आतल्या अंगाला ठेवलंय. शालीत गुंडाळणार होते, पण बाई म्हणाल्या, कागदच हवा. गारठायची नाही ना रे ती?"