उपाशी हत्ती

मापाच्या मावशी गल्लीत सगळ्यांना माहीत होत्या. चाळीस वर्षं शिवणकाम केलेलं, गळ्यात कायम टेप, आणि नजर अशी की गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्याची कंबर मोजून झालेली असायची.

पार्सल पाठवण्यात तर त्यांचा हात कुणी धरला नसता. खोक्याचं वजन दोनदा धरतात, एकदा काट्यावर आणि एकदा फुटपट्टीवर, म्हणजे आकार मोजून, आणि जे जास्त भरेल त्याचे पैसे घेतात, हे त्यांनी पार्सल ऑफिसच्या खिडकीशी उभं राहून पहिल्याच वर्षी शिकून घेतलं होतं. वर्षअखेरच्या सुट्ट्या आल्या की दर चढतात, म्हणून त्या महिनाभर आधीच उरकून टाकत. दूर परदेशी राहणाऱ्या नातीसाठी, ठमीसाठी, दरवर्षी एक फ्रॉक. इस्त्री करून, घडी घालून, दिवसभर जड पाटाखाली दाबून, पिशवीतली हवा काढून असं पाकीट करायचं की पोस्टमनला वाटावं आत वही आहे.

विहीणबाईंचं सगळंच उलटं. या सुनेच्या आई, निवृत्त मुख्याध्यापिका. ऐन सुट्ट्यांच्या तोंडावर, दर आभाळाला भिडलेले असताना, माणूस मावेल एवढं खोकं पाठवायच्या. आत एक बाहुली, बाकी सगळी हवा. "पैसे मोजून हवा पाठवतात," मावशी गिऱ्हाइकांना सांगत आणि पोट धरून हसत.

ते हसू गेल्या वर्षी जिरलं. फोनवर ठमी दिसली ती त्याच खोक्यात बसलेली. खोक्याला दार कापलं होतं, दोन खिडक्या होत्या. "हे माझं घर. खोक्याच्या आजीनं पाठवलं," ती म्हणाली. सुनेनं विचारलं, "आणि फोनवर ही कोणती आजी?" ठमी खिडकीतून डोकावून म्हणाली, "पाकिटाची."

पाकिटाची. मावशींच्या तो शब्द जिव्हारी लागला. त्यानंतर वर्षभर कुणाच्या दारात मोठं खोकं दिसलं तरी त्यांच्या पोटात दुखायचं. विहीणबाईंचं नाव निघालं की मशीनचं चाक जोरात फिरायचं आणि दोरा तुटायचा.

यंदा विहीणबाई स्वतःच दारात आल्या. हातात करड्या रंगाचा, मऊ, चांगला ढेरपोट्या हत्ती.

"औषधांवर फार पैसे जातायत हो विहीणबाई," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारखं स्वस्तात पाठवायला काही जमलं नाही मला. यंदा तुमचं-माझं एकाच खोक्यात घालू या का? पाठवणाऱ्याचं नाव तुमचंच घाला."

एवढं बोलून त्यांनी हत्ती ठेवला आणि गेल्या. हा मनाचा मोठेपणासुद्धा मावशींना टोचला. त्यांनी टेप काढली. हत्ती असाच गेला तर फुटपट्टीवर सहा किलोंचा भरणार, आणि काट्यावर जेमतेम एक. मग त्यांनी पोटाची शिवण उसवली, आतला सगळा कापूस पिशवीत भरला आणि हत्तीची टॉवेलसारखी घडी घातली. यंदाच्या निळ्या फ्रॉकसकट तो एका पाकिटात मावला. "कापूस भरून पोट शिवून घे," अशी चिठ्ठी त्यांनी सुनेसाठी लिहिली. लिहून झाल्यावर थोडा वेळ हातात धरली आणि फाडून टाकली. पैसे वाचले, हे त्यांनी स्वतःला सांगितलं. येऊ दे एकदा खोक्याच्या आजीचंही पाकीट, हे मात्र सांगितलं नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं.

महिन्याभरानं फोन आला तेव्हा विहीणबाई मुद्दाम मावशींच्या खोलीत येऊन बसल्या होत्या. कापसाची पिशवी मशीनमागे होती. मावशींनी ती पायानं आणखी आत सरकवली. आता पोर रडत हत्तीचं नुसतं कातडं दाखवणार, आणि मग मुलगा-सून काय म्हणतील?

ठमीनं हत्ती उचलून दाखवला. टम्म फुगलेला.

"हा उपाशी आला होता," ती म्हणाली. "पोट रिकामं होतं त्याचं. मी त्याला पाकिटाच्या आजीचे सगळे फ्रॉक भरवले. लहानपणीचेपण."

"निळासुद्धा आतच आहे," मागून सून म्हणाली. "एकही बाहेर काढू देत नाही. झोपतेपण त्यालाच धरून."

फोन बंद झाला. मावशी जिंकल्या होत्या. मनातून उकळ्या फुटायला हव्या होत्या, पण शेजारी विहीणबाई विचारत होत्या, "उपाशी म्हणजे?" मावशी उठल्या आणि मशीनमागची पिशवी काढून त्यांच्यासमोर ठेवली. "मीच काढला कापूस. पैसे वाचवायला. आणि तुमचा राग यायचा म्हणून."

विहीणबाईंनी पिशवीत हात घालून पाहिला.

"गेल्या वर्षी ती खोक्यात बसली होती," त्या म्हणाल्या, "तेव्हा अंगात काय होतं, पाहिलंत?"

मावशींना खोकं आठवलं, दार आठवलं, खिडक्या आठवल्या.

"तुमचा फ्रॉक होता. पिवळा. त्याच्या आदल्या वर्षी लाल. दरवर्षी तुमचाच असतो. मला काही शिवता येत नाही, म्हणून मी खोकं मोठं करत गेले. जळत होते मी तुमच्यावर."

अख्ख्या गल्लीची मापं नजरेनं घेणाऱ्या बाईला स्वतः शिवलेला फ्रॉक दिसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मावशी पार्सल ऑफिसच्या रांगेत उभ्या होत्या. सुट्ट्यांची गर्दी दाराबाहेर गेली होती. त्यांनी तिथलं सगळ्यात मोठं खोकं विकत घेतलं आणि त्यात कापूस ठेवला. पाठवणाऱ्याच्या रकान्यात एकाच नावाची जागा होती. त्यांनी विहीणबाईंचं नाव लिहिलं.

खिडकीवरच्या कारकुनानं खोकं काट्यावर ठेवलं, मग फुटपट्टी लावली आणि मान हलवली. "मावशी, तुम्ही, आणि एवढं महाग पार्सल? महिन्याभरापूर्वी पाठवलं असतंत तर निम्म्यात गेलं असतं."

"हो रे," मावशी म्हणाल्या, "तेव्हाच पाठवायला हवं होतं."